ब्रेकर पडतोय म्हणून मोठा टाकायचा का?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय. आकडे मात्र वाचताना सोपे जावेत म्हणून नीट मांडलेत.)

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांनी आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री हा ट्रेड केलाय आणि आता कुठल्यातरी राईस मिलमध्ये, क्रशरवर नाहीतर पंपहाऊसमध्ये पॅनेलसमोर उभे आहेत. विषय एकच. मोटरसाठी एमसीसीबी निवडायचा कसा? एमसीसीबी म्हणजे मोल्डेड केस सर्किट ब्रेकर. पॅनेलमधला तो काळा, जाड, मोठ्या खटक्याचा डबा.

विषय कोरडा वाटेल. पण रात्री अकरा वाजता मिल बंद पडते, धानाचे ट्रक फाटकावर उभे असतात आणि शेटजी तुमच्याकडे बघून म्हणतात, "सारखा पडून रायला ना बाप्पा हा ब्रेकर. मोठा टाकून दे, कायले डोकं लावतं?" त्या वेळी तुम्ही काय उत्तर देता, त्यावर मोटर, केबल आणि कधी कधी माणूसही अवलंबून असतो. म्हणून आज शांतपणे, मोबाईलचं कॅल्क्युलेटर उघडून, बसूया.

मोटरांचा जिल्हा

भंडारा म्हटलं की लोकांना पितळेची भांडी आठवतात, तलाव आठवतात, धान आठवतं. मला मोटरा आठवतात. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणी. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. गडेगावला अशोक लेलँड. जवाहरनगरला आयुध निर्माणी. आणि तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, कुठेही जा, राईस मिल आहेच.

मोठ्या कारखान्यांत इलेक्ट्रिकल विभाग असतो, इंजिनिअर असतात, प्रत्येक फीडरचा नकाशा असतो. राईस मिलमध्ये बहुतेक वेळा असतो एक वायरमन, एक टेस्टर आणि एक क्लॅम्प मीटर. म्हणून आपण मिलचंच उदाहरण घेऊ. हंगाम सुरू झाला की सरकारी खरेदीचं धान भरडाईला येतं. एक क्विंटल साध्या धानामागे ६७ किलो तांदूळ जमा करायचा असतो आणि तोही मुदतीत. क्लीनर, शेलर, सेपरेटर, पॉलिशर, एलिव्हेटर, तूस ओढणारा ब्लोअर, सगळं एका माळेत चालतं. एक मोटर बसली की अख्खी माळ थांबते. त्यामुळे ब्रेकर पडला की सगळ्यांना राग येतो तो ब्रेकरचाच.

कोण कोणाचा राखणदार?

पहिली गोष्ट पक्की करूया. एमसीसीबी लावला म्हणजे मोटर सुरक्षित झाली, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज.

मोटर फीडरमध्ये तिघं काम करतात. एमसीसीबी शॉर्टसर्किट तोडतो आणि केबल वाचवतो. कॉन्टॅक्टर रोजचं चालू-बंद करतो. आणि ओव्हरलोड रिले, ज्याला आपण ओएलआर किंवा बायमेटल म्हणतो, तो मोटरचं वाइंडिंग वाचवतो. तिघांचं काम वेगळं, मानकंही वेगळी. एमसीसीबीसाठी आयएस/आयईसी ६०९४७-२, आणि कॉन्टॅक्टर व स्टार्टरसाठी ६०९४७-४-१.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर एमसीसीबी म्हणजे वावराचं कुंपण, आणि रिले म्हणजे पिकाजवळ बसलेला राखणदार. कुंपण कितीही भक्कम असू द्या, आतल्या पिकाला कीड लागली हे ते सांगणार नाही.

मोटर खाते किती?

आता आकडे. समजा पॉलिशरची मोटर ३७ किलोवॅटची, म्हणजे ५० एचपीची. थ्री फेज, ४१५ व्होल्ट.

३७,००० ला भागा या गुणाकाराने: १.७३२ × ४१५ × ०.८५ × ०.९३. यातलं ०.८५ म्हणजे पॉवर फॅक्टर, ०.९३ म्हणजे एफिशियन्सी. उत्तर येतं साधारण ६५ अँपिअर. घाई असेल तर एका एचपीला १.३ ते १.४ अँपिअर धरा, तिथेच पोहोचाल. पण खरा आकडा मोटरच्या नेमप्लेटवर असतो. प्लेटवर रंगाचा थर बसलाय म्हणून अंदाजाने काम करू नका. कापड घ्या, पुसा, फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा.

मग ६५ साठी ब्रेकर किती? ८०, १०० की १२५? इथे बहुतेक जण "थोडा वरचा घे" म्हणून मोकळे होतात. थांबा. आधी मोटर सुरू होताना काय करते ते बघू.

सुरू होतानाचा झटका

मोटर सरळ लाईनवर सुरू केली, म्हणजे डीओएल, तर ती पूर्ण भाराच्या सहा-सात पट करंट ओढते. आपल्या मोटरसाठी ३९० ते ४५५ अँपिअर, काही सेकंद. त्याही आधी, अगदी पहिल्या क्षणी, एक टोकदार झटका येतो. तो दहा-बारा पटींपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ६५० ते ७८० अँपिअर.

साध्या थर्मल-मॅग्नेटिक एमसीसीबीत दोन भाग असतात. थर्मल भाग हळूहळू तापून पडतो. मॅग्नेटिक भाग ठरलेल्या पटीच्या वर करंट गेला की पापणी लवायच्या आत पडतो. समजा ८० अँपिअरचा ब्रेकर घेतला आणि त्याचं मॅग्नेटिक सेटिंग ८ पटीवर पक्कं असेल, तर तो ६४० ला पडणार. आपला झटका ६५० च्या वर. म्हणजे मोटर ठणठणीत असूनही अधूनमधून सुरू होतानाच ब्रेकर पडेल. १०० अँपिअरचा ब्रेकर १० पटीवर ठेवला तर सीमा १,००० अँपिअर. झटका आरामात निघून जातो आणि शॉर्टसर्किटचे हजारो अँपिअर आले तर तो पडतोच.

"पण आमच्याकडे स्टार-डेल्टा आहे," असं कोणी म्हणेल. बरोबर. स्टारमध्ये करंट तिसरा हिस्सा होतो, म्हणजे १३० ते १५० अँपिअर. पण स्टारमधून डेल्टात जाताना मोटर क्षणभर लाईनपासून सुटते आणि पुन्हा जोडली जाते. त्या जोडणीचा झटका डीओएलएवढा, कधी त्याहूनही जास्त असतो. "स्टारमध्ये छान चालते आणि डेल्टा घेताच ब्रेकर पडतो" ही तक्रार तुम्ही ऐकली असेलच. तेव्हा आधी टायमर बघा. मोटर पुरेसा वेग घ्यायच्या आतच डेल्टा पडत असेल, तर दोष ब्रेकरचा नाही.

आणखी एक. बाजारात 'मोटर ड्यूटी' म्हणून काही ब्रेकर मिळतात, ज्यांत फक्त मॅग्नेटिक भाग असतो. मोटरच्या झटक्यासाठी ते चांगले. पण त्यांच्यासोबत रिले हवाच हवा. नाहीतर ओव्हरलोडसाठी तिथे कोणीच बसलेलं नसतं.

एक फेज जातो तेव्हा

आता येऊ खऱ्या मोटरमाऱ्याकडे. सिंगल फेजिंग.

पावसाळी रात्र. डीपीवरचा एक फ्यूज उडाला, किंवा किटकॅटमधली तार गेली, किंवा कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट जळाला. मोटर फिरतच राहते, फक्त आवाज बदलतो, घुमल्यासारखा. तिला तेवढंच काम करायचं असतं, म्हणून उरलेल्या दोन फेजमधून ती १.७३ पट करंट ओढते. ६५ × १.७३ म्हणजे ११२ अँपिअर.

आपला १०० चा एमसीसीबी इथे काय करतो? मानकाप्रमाणे १.०५ पटीला त्याने पडायचं नाही, आणि १.३० पटीला दोन तासांत पडलंच पाहिजे. आपण आहोत १.१२ पटीवर. मधल्या पट्ट्यात. पडेल किंवा नाही पडणार, हमी कसलीच नाही.

तोवर मोटरच्या आत काय चाललंय? डेल्टा जोडणीत त्या ११२ पैकी दोन-तृतीयांश, म्हणजे ७५ अँपिअर, एकाच वाइंडिंगमधून जातात. त्या वाइंडिंगची रोजची सवय सुमारे ३८ ची. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. चौपट उष्णतेत वार्निश किती टिकणार? वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो. नंतर मोटर उघडली की एका फेजच्या कॉइल कोळशासारख्या काळ्या आणि बाकीच्या पिवळ्याधमक दिसतात. वाइंडिंगवाला एका नजरेत सांगतो, "सिंगल फेजिंग आहे भाऊ."

म्हणून रिले घ्यायचा तो फेज गेल्याचं ओळखणारा, किंवा सोबत सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावायचा. रिलेचं सेटिंग मोटरच्या करंटवर. स्टार-डेल्टात रिले वाइंडिंगच्या वाटेवर बसतो, म्हणून तिथे ६५ चा ०.५८ पट, म्हणजे सुमारे ३८ अँपिअर. मी अनेक पॅनेलमध्ये तिथेही ६५ वर ठेवलेला काटा पाहिलाय. असा रिले असून नसल्यासारखा.

रिलेचा क्लासही बघा. क्लास १० चा रिले ७.२ पट करंटला ४ ते १० सेकंदांत पडतो, क्लास २० चा ६ ते २० सेकंदांत. एलिव्हेटर लगेच वेग घेतो, त्याला क्लास १० पुरतो. तुसाच्या मोठ्या ब्लोअरचा पंखा जड, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तिथे क्लास १० लावला तर रोज सकाळी भांडण. तिथे क्लास २०.

कमी व्होल्टेजचंही तसंच. संध्याकाळी ४१५ चे ३६० झाले, तर तेवढ्याच कामासाठी मोटर ६५ च्या जागी ७५ अँपिअर ओढते. हे रिलेला कळतं. १०० च्या ब्रेकरला ते कळणार नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

आयसीयू, पण दवाखान्यातलं नाही

ब्रेकरच्या प्लेटवर दोन अक्षरसमूह असतात, आयसीयू आणि आयसीएस. त्यापुढे किलोअँपिअर. आयसीयू म्हणजे हा ब्रेकर जास्तीत जास्त किती शॉर्टसर्किट करंट तोडू शकतो. त्यानंतर तो पुन्हा वापरण्याजोगा राहील याची खात्री नाही. आयसीएस म्हणजे किती तोडूनही तो पुन्हा सेवेत राहील. आयसीएस हा आयसीयूच्या २५, ५०, ७५ किंवा १०० टक्के असतो. दुकानात दोन ब्रेकर सारखे दिसतात, भावात फरक असतो, तो बऱ्याचदा इथेच.

आपल्याला किती हवा? २०० केव्हीएचा डीपी घ्या. ४३३ व्होल्टला त्याचा पूर्ण करंट सुमारे २६७ अँपिअर. इम्पिडन्स ४.५ टक्के असेल तर २६७ भागिले ०.०४५, म्हणजे जवळपास ६ किलोअँपिअर. १० किलोअँपिअरचा ब्रेकर पुरला.

पुढे मिल वाढते. शेटजी हाय टेन्शन कनेक्शन घेतात आणि स्वतःचा ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसवतात. आता तोच हिशेब येतो १५ किलोअँपिअरच्या जवळ. पॅनेल मात्र जुनंच, ब्रेकर १० किलोअँपिअरचेच. रोजच्या कामात काही फरक दिसत नाही, सगळं मजेत चालतं. फरक दिसतो तो शॉर्टसर्किटच्या दिवशी, जेव्हा ब्रेकर तोडण्याऐवजी फुटतो, आणि त्याच्यासमोर कोणी उभं असू शकतं. ट्रान्सफॉर्मर बदलला की ब्रेकरचा हिशेब पुन्हा करायचा, हे वहीत लिहून ठेवा. केबल लांब असली की आकडा कमी होतो. पण मेन पॅनेल ट्रान्सफॉर्मरला लागूनच असेल, तर पूर्ण धरा.

याच मुद्द्याला जोडून 'टाइप टू' हा शब्द येतो. एमसीसीबी, कॉन्टॅक्टर आणि रिले यांची जोडी शॉर्टसर्किटनंतर कशी राहते त्याची ही प्रतवारी. टाइप वनमध्ये माणसाला धोका होत नाही, पण स्टार्टर बदलावा लागू शकतो. टाइप टूमध्ये कॉन्टॅक्टरचे पॉइंट फार तर हलके चिकटतात, सोडवले की काम सुरू. कंपन्या या जोड्यांचे तपासलेले तक्ते देतात. ते पीडीएफ फोनमध्ये ठेवा. एका कंपनीचा ब्रेकर आणि दुसरीचा कॉन्टॅक्टर लावला, तर तो तक्ता लागू होत नाही.

मे महिना आणि टिनाचं शेड

आपल्याकडचा उन्हाळा सांगायला नको. बाहेर पंचेचाळीस, टिनाच्या शेडखाली बंद पॅनेलमध्ये पंचावन्न-साठ. बरेच थर्मल-मॅग्नेटिक ब्रेकर ४० अंशांना जुळवलेले असतात. जास्त गरमीत ते लवकर पडतात. १०० चा ब्रेकर तिथे नव्वदीच्या आसपास, काही मॉडेलमध्ये त्याहून खाली वागतो. नेमका आकडा कॅटलॉगच्या तक्त्यात बघायचा.

पण म्हणून प्रत्येक उन्हाळी ट्रिप गरमीच्या माथी मारू नका. तुमसरकडच्या एका मिलमधली गोष्ट सांगतो. ५० एचपीचा पॉलिशर, १०० चा ब्रेकर, दुपारी दोननंतर हटकून पडायचा. १६० चा नवा ब्रेकर आणूनच ठेवला होता, फक्त बसवायचा बाकी. क्लॅम्प मीटर लावला. तिन्ही फेज ६४, ६६, ६५. म्हणजे ओव्हरलोड नाही. मेन बंद केलं, कुलूप लावलं, लाईन नाही याची खात्री केली आणि मग कव्हर काढलं. मधल्या फेजचं थिंबल सैल. इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालेलं. सैल जोडाची उष्णता टर्मिनलमधून ब्रेकरच्या आतल्या बायमेटलपर्यंत जात होती, आणि ब्रेकर बिचारा तेच सांगत होता. केबलचं जळकं टोक कापलं, नवीन थिंबल नीट क्रिंप केलं, बोल्ट ठरल्या ताकदीने आवळला. ब्रेकर पडणं थांबलं.

१६० चा बसवला असता तर? त्या फीडरची केबल ३५ चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची. अशी केबल, इन्सुलेशन आणि टाकण्याची पद्धत बघून, ८० ते १०० अँपिअर नेते. १६० च्या ब्रेकरला पडण्याची सक्ती १.३ पटीला, म्हणजे २०८ अँपिअरला, आणि तीही दोन तासांच्या आत. म्हणजे केबलमधून दुप्पट करंट तासभर गेला तरी ब्रेकर नियमात राहून गप्प बसू शकतो. आणि ती केबल जाते कुठून? कोंडा आणि तूस साठलेल्या कोपऱ्यातून. पुढचं सांगायची गरज नाही.

पडल्यावर काय करायचं?

एमसीसीबी ट्रिप झाला की खटका मधोमध येऊन थांबतो. आधी पूर्ण खाली ऑफला न्यायचा, मग ऑन. हे सगळ्यांना माहीत असतं. पण खाली आणि वर यांच्या मध्ये एक काम आहे, कारण शोधायचं. सुरू होताच पडला की शॉर्ट किंवा मॅग्नेटिक सेटिंग बघा, मेगरने मोटर आणि केबल तपासा. वीस-तीस मिनिटांनी पडला की करंट, व्होल्टेज, सैल जोड. रिले पडला की मोटरवरचा भार, बेअरिंग, फेज. शॉर्टवर पडलेला ब्रेकर दोन-तीनदा जबरदस्तीने वर ढकलणं म्हणजे प्रत्येक वेळी त्याचं आयुष्य कापणं.

शेटजींना काय सांगायचं?

निवड करताना हे सहा प्रश्न याच क्रमाने विचारा. मोटरच्या प्लेटवर करंट किती? सुरू कशी होते आणि झटका किती? केबल किती अँपिअर नेते, आणि ब्रेकर तिच्या आत आहे ना? ट्रान्सफॉर्मरच्या हिशेबाने किती किलोअँपिअर लागतात? पॅनेलमध्ये गरमी किती? आणि रिले कोणता, कितीवर ठेवला, फेज गेल्याचं त्याला कळतं का? या सहा उत्तरांतून ब्रेकर आपोआप निघतो. आपल्या ५० एचपीसाठी तो १०० चा निघाला. तिसऱ्या प्रश्नात केबल ९० चीच निघाली तर १०० चा ब्रेकर थर्मल सेटिंग खाली आणता येणारा घ्या आणि ०.९ वर ठेवा, नाहीतर केबल बदला. तुमच्या जागी आकडा वेगळा निघेल आणि तो निघालाच पाहिजे. मोठं काम असेल तर परवानाधारक सुपरवायझरला दाखवल्याशिवाय हात घालू नका.

शेवटी तो रात्री अकराचा सवाल. वीस-बावीस वर्षांच्या पोराला मालकाला नाही म्हणणं सोपं नसतं, मला माहीत आहे. वाद घालू नका. मीटर दाखवा. म्हणा, "शेटजी, मोटर ६५ खाते, ब्रेकर १०० चा आहे, तरी पडतोय. म्हणजे दुसरीकडे काहीतरी बिघडलंय. मला अर्धा तास द्या. मोठा टाकला तर ब्रेकर पडणार नाही, पण केबल जळेल." आकडा समोर असला की बहुतेक माणसं ऐकतात. नाहीच ऐकलं, तर स्वतःच्या हाताने तो मोठा ब्रेकर बसवू नका. मिलच्या वहीत तारीख टाकून लिहा आणि बाजूला व्हा.

पुढच्या भागात मेगरबद्दल बोलू. तो कसा लावायचा, काटा काय सांगतो आणि पावसाळ्यात मोटर सुरू करण्याआधी तो का हवा. तोवर एक काम करा. उद्या कामावर गेलात की एका तरी रिलेचा काटा बघा आणि मोटरच्या प्लेटशी जुळतो का ते तपासा. भेटूया!